एम.एस्सी. भाग एक : गारगोटी ते विद्यानगर

गेल्या आठवड्यात माझा एम.एस्सी. भाग एकचा निकाल लागला. वनस्पतिशास्त्र, शिवाजी विद्यापीठ (विद्यानगर, कोल्हापूर), २०२४-२५. सगळे विषय सुटले. आमच्या भागातल्या दोन मुलींनी यंदा प्रवेशासाठी अर्ज केलाय आणि दोघींचे रोज फोन येतात. ताई, रूम आधी बघू का हॉस्टेलची वाट बघू? ताई, दाखला कुठला लागतो? फोनवर तुटक-तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून काढते. माझे पहिले चार महिने जसे गेले तसे त्यांचे जाऊ नयेत, एवढंच मनात आहे.

माझं गाव गारगोटीपासून नऊ किलोमीटर आत. बी.एस्सी. तालुक्यातच झालं. शेवटच्या वर्षाला आम्ही वर्गात बावीस जण होतो. दोन दिवस दांडी पडली की सर थेट आबांना फोन लावायचे. फॉर्म भरायची तारीख शिपाईमामा वर्गात येऊन सांगून जायचे, राहिला तर क्लार्क घरी निरोप धाडायचे. तेव्हा त्याचा वैताग यायचा. विद्यापीठात असं कुणी मागे लागत नाही. लावायचं ते नोटीस बोर्डावर लागतं, बाकी ज्याचं त्यानं बघायचं. ही गोष्ट लक्षात यायला मला नोव्हेंबर उजाडला.

तर जूनपासून सांगते. बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी फक्त प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत बसले, कागदांकडे पाहिलंच नाही. गुणवत्ता यादीत नाव आलं तेव्हा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा होता. तो चालत नाही, चालू वर्षाचा लागतो. सेवा केंद्रात अर्ज टाकला, तलाठ्याचा अहवाल जोडला, अकराव्या दिवशी दाखला हातात आला. अकरा दिवस म्हणजे काही फार नाहीत, पण दारात यादी लागलेली असताना एकेक दिवस मोजावा लागतो. निकालाची वाट न बघता जूनच्या पहिल्याच आठवड्यात हा अर्ज टाकून ठेवा.

दुसरा घोळ नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर माझं नाव आधी, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. तीन वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण आता श्रेयांक जमा होतात ते ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. त्याचा बारा आकडी आयडी डिजिलॉकरमधून काढायचा आणि तिथं नाव आधारप्रमाणे येतं. मी आधार दुरुस्त करून घेतलं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक हे चार कागद अंथरुणावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

मी शिवाजी विद्यापीठाच्याच कॉलेजातून आले म्हणून मायग्रेशनची भानगड नव्हती. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या बहुतेकांना ती नसते. माझी मैत्रीण पंढरपूरची. सोलापूरचं विद्यापीठ २००४ पासून वेगळं, त्यामुळे तिला तिथून मायग्रेशन सर्टिफिकेट आणावं लागलं. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र मात्र सगळ्यांना ऑनलाइन भरावं लागतं, विद्यार्थ्याचं आणि पालकाचं दोन्ही, आणि ते दर वर्षी. पैसे पडत नाहीत. ईमेलवर क्रमांक येतो, त्याची प्रिंट फाइलला लावून ठेवायची. त्यावर मदतीचा नंबर असतो, १८००-१८०-५५२२. मला त्याची गरज पडली नाही, पण मी तो आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. तिला तेवढाच धीर.

कागद दाखवायची वेळ नेमकी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आली. त्याच आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेली होती. आमच्या ओढ्यावरच्या पुलावर पाणी आलं. आबा म्हणाले, “आजच निघू. उद्या रस्ता ऱ्हातोय का न्हाई कुणास ठाऊक.” म्हणून एक दिवस आधीच निघालो आणि राजारामपुरीत आबांच्या मित्राकडं मुक्काम केला. मूळ कागद आबांनी खताच्या पिशवीच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वरून शर्टात घालून आणले होते. पावसाळ्यात इकडं प्रवेश घेणाऱ्यानं एक दिवस हाताशी राखूनच निघावं.

हॉस्टेलच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. मग राजारामपुरीतच एका काकूंच्या घरी वरची खोली मिळाली, तिघींत. माझ्या वाट्याला महिना २,२०० भाडं, डिपॉझिट ५,०००, दोन वेळचा डबा २,९००. विद्यापीठ जवळच, पण चढ आहे. पाऊस नसेल तर मी चालत जायची, असेल तर केएमटीची सिटी बस. पहिल्या रात्री मी खिडकीशी बसून रडत होते. काकू वर आल्या, दूध ठेवलं आणि म्हणाल्या, “अगं, शाहू महाराजांनी १९०१ ला बोर्डिंग काढलं, तवापासनं ह्या गावाला दुसऱ्याची पोरं सांभाळायची सवय हाय. तू काय एकटी न्हाईस.” दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला दसरा चौकातली बोर्डिंग दाखवली. प्रत्येक समाजाच्या मुलांची सोय व्हावी म्हणून महाराजांनी एकामागून एक उभी करवलेली. माझे आजोबा सातवीनंतर शाळा सोडून ऊस तोडायला गेले होते. ते इथं आले असते तर, असं तेव्हा मनात आलं आणि अजूनही कधी त्या चौकातून जाताना येतं.

ऑगस्टमध्ये तास सुरू झाले. मुख्य इमारतीपुढं शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, तिथून विभागापर्यंत झाडांतून जाणारा रस्ता, सकाळी मोरांचा आवाज. हे सगळं मला आवडत होतं आणि मी कुणाशी बोलत नव्हते. वर्गात पुण्याकडच्या, साताऱ्याच्या मुली. आमच्याकडं बायका-मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतात. पहिल्या आठवड्यात मी बाईंना म्हणाले, “मी उद्या आणतो.” मागच्या बाकावर दोघी हसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यातली एक आज माझी जिवलग आहे. पण त्या दिवसानंतर मी तोंड मिटलं ते अडीच महिने. सेमिनार इंग्रजीत द्यायचा, शंका इंग्रजीत विचारायच्या असा मीच समज करून घेतला होता. एकदा एका मुलानं सरळ मराठीत शंका विचारली, सरांनी सरळ मराठीत उत्तर दिलं, फक्त संज्ञा इंग्रजी. मी ते बघितलं आणि तरी गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याचं काय झालं ते हर्बेरियमवरून सांगते. वनस्पतिशास्त्रात नमुने गोळा करायचे, दाबून वाळवायचे, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चढवायचे आणि खाली लेबल लावायचं : नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ऐकायला सोपं. माझ्याकडं झाडं दाबायचा प्रेस नव्हता. कुठून घ्यायचा हे विचारायचा धीर झाला नाही म्हणून मी वर्तमानपत्रात झाडं घालून वर पाट्याची फरशी ठेवली. ऑगस्टची कोल्हापूरची हवा. चौथ्या दिवशी उघडलं तर अकरापैकी नऊ नमुन्यांवर पांढरी बुरशी. कागद पहिले काही दिवस रोज बदलायचा असतो, आणि पावसाळ्यात इस्त्री फिरवून आधी तो कोरडा करून घ्यायचा, हे मला नंतर एका सीनियर ताईनं सांगितलं. तिच्याकडं जुना प्रेस पडून होता. मी विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी दिला असता. नवीन सांगाडा सुताराकडून साडेचारशेत होतो, पण कुणाचा तरी जुना मिळतोच.

सप्टेंबरच्या शेवटी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सहल गेली. सोनकी पिवळीधमक, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, ओल्या कातळावर सीतेची आसवं. सर एकेका झाडाशी थांबून नाव विचारत होते. वाटेत एका झुडपाशी थांबले. सगळे गप्प. मला ते झाड लहानपणापासून माहीत. आजी त्याची कोवळी पानं उकडून, पाणी पिळून भाजी करते. मी मनात म्हटलं, भारंगी. पण शास्त्रीय नाव आठवेना, म्हणून बोलले नाही. सरांनी शेवटी स्वतःच सांगितलं, “ही आपली भारंगी. रोथेका सेराटा. खाल्लीय का कुणी?” तेव्हाही मी हात वर केला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. बाकीची पोरं जे पुस्तकातून शिकत होती ते मी अंगणातून घेऊन आले होते, आणि तेच तोंडातून काढायची मला लाज वाटत होती.

ऑक्टोबरमध्ये अंतर्गत चाचणी झाली. संशोधन पद्धती या विषयात वीसपैकी सहा. हा विषय आता प्रत्येक एम.ए., एम.एस्सी.ला पहिल्या सत्रात आहे, चार श्रेयांकांचा, आणि गावाकडून आलेल्यांना तो नवाच असतो. मी वर्गातल्या नोट्स पाठ केल्या होत्या आणि पेपरात विचारलं होतं, ‘या समस्येसाठी नमुना कसा निवडाल?’ मॅडमच्या केबिनपर्यंत मी तीन वेळा गेले आणि तीन वेळा परत आले. चौथ्यांदा दार उघडं होतं आणि त्यांनीच आत बोलावलं. मी पेपर पुढं ठेवला. रडू येत होतं, त्यामुळे वाक्य धड होत नव्हतं. “तुझ्या गावात किती घरं?” त्यांनी विचारलं. दोनशे दहा. “त्यातल्या किती घरांत रानभाज्या खातात हे तुला शोधायचंय, आणि तू तीसच घरांत जाऊ शकतेस. कुठल्या तीस घरांत जाशील?” मी म्हणाले, वरच्या आळीतली थोडी, खालच्या आळीतली थोडी, धनगरवाड्यावरची थोडी, कारण खाणं वेगळं आहे. “झालं की. ह्यालाच स्तरित नमुना म्हणतात.” वीस मिनिटांत तो विषय माझा झाला. निघताना त्या म्हणाल्या, “ऑगस्टमध्ये का नाही आलीस?”

म्हणून फोन करणाऱ्या त्या दोघींना मी आधी हेच सांगते. पहिल्या पंधरा दिवसांत, काम असो वा नसो, प्रत्येक शिक्षकाच्या केबिनमध्ये एकदा जाऊन या. नाव, गाव सांगा, आधीच्या वर्षांत काय नीट कळलं नाही ते सांगा. जाताना एक प्रश्न वहीत लिहून न्या, म्हणजे आत गेल्यावर दातखीळ बसत नाही. त्यांची वेळ दारावर लावलेली नसेल तर विभागाच्या कार्यालयात विचारा. तिथल्या मामांना सगळ्यांच्या वेळा माहीत असतात.

हॉस्टेलचंही तसंच. यादीत नाव नाही म्हटल्यावर मी आशा सोडली होती. पंढरपूरची मैत्रीण म्हणाली, मुली सोडून जातात, जागा होतात, सोमवारी जाऊन विचारत जा. पाच सोमवार गेले. दिवाळीनंतर जागा मिळाली. काकूंनी डिपॉझिट परत दिलं, वर लाडवांचा डबा. ज्यांना पैशाची फारच ओढाताण आहे त्यांनी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. माझ्या वर्गातला एक जण त्यातून शिकतोय, काम करून तास गाठतो, आणि वर्गात दुसरा आलाय.

आता शिष्यवृत्ती. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, एकदा ‘सेंड बॅक’ आला कारण मी दाखल्याचा फोटो अंधुक काढला होता. मोबाइलनं फोटो न काढता झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घ्या, दहा रुपये लागतात. दुसऱ्यांदा मंजूर झाला आणि पैसे मात्र खात्यावर दिसेनात. मी महिनाभर रोज पासबुक भरून आणत होते. शेवटी कळलं की हे पैसे आपण फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यावर जातात. माझं आधार आठवीत काढलेल्या गावच्या खात्याला जोडलेलं होतं. ते खातं वापरात नव्हतं. चूक माझीच, कधी तपासलंच नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरायच्या आधी ती बघा. तोवर आबांनी सोसायटीतून उचल घेतली होती, ते मला फार लागलं. घरी स्पष्ट सांगा की शिष्यवृत्ती पहिल्या सत्रात हातात येईल हे गृहीत धरू नका, चार-पाच महिन्यांची सोय वेगळी लागते.

नोव्हेंबरपासून मी ग्रंथालयात बसायला लागले. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. जुन्या प्रश्नपत्रिका, संदर्भग्रंथ, आणि आपल्याच विद्यापीठात आधी झालेलं काम, सगळं तिथं आहे. काउंटरवरच्या सरांना मी विचारलं, रानभाज्यांवर कुणी काही केलंय का? त्यांनी शोधगंगा उघडून दिलं. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. मी आमच्याच भागातल्या झाडांवरचा एक प्रबंध उघडला आणि त्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, आजीच्या तोंडची सगळी नावं शास्त्रीय नावांशेजारी ओळीनं छापलेली होती. मी तो तक्ता वहीत उतरवून काढला. माझ्या वहीत आजही डाव्या बाजूला आजीचं नाव आणि उजव्या बाजूला शास्त्रीय नाव असतं.

पहिल्या सत्राची परीक्षा पार पडली, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संशोधन पद्धतीत चांगले गुण पडले. जीवरसायनशास्त्राचा भाग कच्चा राहिला, कारण तो मी शेवटच्या दहा दिवसांवर ठेवला होता.

दुसऱ्या सत्रात मात्र एक गोष्ट अशी आहे की तिची तयारी डिसेंबरातच करायला हवी. ती म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प. त्याला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. जागा बहुधा आपणच शोधायची. जानेवारीत सगळे एकदम शोधायला लागतात आणि जवळच्या रोपवाटिका, प्रयोगशाळा भरून जातात. मी या वेळी शहाणी झाले होते. दिवाळीच्या सुट्टीतच तीन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणाहून उत्तर आलं नाही, तिसऱ्या रोपवाटिकेच्या मालकांनी विचारलं, “खुरपं धरता येतं का?” येतं म्हटलं. विभागाचं विनंतीपत्र नेऊन दिलं, त्यांचं स्वीकृतीपत्र आणलं. रोजच्या कामाची नोंदवही ठेवायची आणि त्यावर सही त्या-त्या दिवशीच घ्यायची. माझ्या एका मैत्रिणीनं शेवटी एकदम सह्या घ्यायचं ठरवलं, नेमके सही करणारे गावाला गेले आणि तिचा अहवाल लांबला. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातले तीन दिवस मी तिथं कलमं बांधायला, माती भाजायला, बिया साठवायला शिकले. जाण्यायेण्याचा खर्च महिन्याला सहाशेच्या आसपास आला. तिथल्या मावशी फणसाचं रोप हातात धरून सांगायच्या की ह्याचं सोटमूळ दुमडलं की झाड आयुष्यभर धरत नाही. मी घरी आल्यावर पुस्तकात तेच वाचायची आणि पहिल्यांदाच वाचलेलं सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं.

मार्चमध्ये सेमिनार होता. विषय मीच मागितला : पश्चिम घाटातलं कंदीलपुष्प. आमच्याच विद्यापीठात या फुलावर प्रा. श्रीरंग यादव यांनी मोठं काम केलंय, त्यामुळे वाचायला भरपूर होतं. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच अडले, थांबले, मराठीत पुढं गेले, पुन्हा इंग्रजीत आले. एका मुलानं विचारलं, नमुना का नाही आणला? म्हणाले, दुर्मीळ झाड आहे, ते उपटायचं नाही, फोटोच दाखवणार. मॅडमनी मान हलवली. खाली बसल्यावर मागच्या बाकावरची ती, जी ऑगस्टमध्ये हसली होती, तिनं माझा हात दाबला. आता ती पण कधी कधी ‘मी येतो’ म्हणते.

घरची आठवण पूर्ण वर्षभर आली. ती कमी होईल असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. मी एवढंच केलं की दर रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन तिथूनच आईला फोन लावायचा, आणि दर शनिवारी गावाकडं पळायचं नाही. सुरुवातीला मी दर शनिवारी जायची. जायला-यायला पैसे गेले, शनिवारची क्षेत्रभेट बुडाली, आणि रविवारी रात्री परत यायचं म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसासारखं रडू. महिन्यातून एकदा गेले की आई-आबांशी बोलायलाही काही असायचं.

आता भाग दोनचा फॉर्म सुटेल. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र नव्यानं भरायचं आहे. बुरशी लागलेल्या नऊ नमुन्यांपैकी सात झाडं मी या जूनमध्ये आमच्या शिवारात पुन्हा शोधून ठेवली आहेत, फुलावर आली की काढते. ताईनं दिलेला प्रेस माझ्याकडंच आहे. त्या दोघींपैकी जिला वनस्पतिशास्त्र मिळेल तिनं तो पहिल्याच दिवशी घेऊन जावा, मी हॉस्टेलला आहे. आणि उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपला, तो नवीन काढायचाय. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं गारगोटीला निघाले आहे. दोघींनी आपापली रेशनकार्डं आणि आबा-अण्णांचे सातबारे घेऊन स्टँडवरच भेटा, तिघींचे अर्ज एकदमच टाकू.